नोकरी सांभाळून विधी सीईटीचा दुसरा प्रयत्न

बँकेतील अधिकारी, महापालिकेतील लिपिक, कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागातील कर्मचारी, शिक्षक, पोलिस दलातील पदवीधर अशा नाना व्यवसायांतील मंडळी दरवर्षी तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा देतात. त्यांपैकी अनेकांना पहिल्या प्रयत्नात हवे ते महाविद्यालय मिळत नाही. काहींचे गुण थोडक्यात कमी पडतात, तर काहींचा अभ्यासच ऐन मोक्याच्या महिन्यात कार्यालयीन कामाखाली दबून जातो. मग पुढच्या वर्षी पुन्हा बसायचे की विचार सोडून द्यायचा, हा प्रश्न उभा राहतो. पुन्हा बसायचे ठरले तर बहुतेक जण तीच पुस्तके, तोच क्रम आणि तीच पद्धत घेऊन नव्या जोमाने सुरुवात करतात. दुसरा प्रयत्न वाया जाण्याचे कारण पुष्कळदा तेथेच असते. नोकरदार उमेदवाराला अधिक तास मिळण्याची शक्यता नसते. म्हणून गेल्या वेळी गुण कोठे गेले याचा शोध, थोडा पण अखंड अभ्यास आणि प्रवेश मिळाल्यास अभ्यासक्रम झेपेल का याचा आधीच मांडलेला हिशेब, या तीन गोष्टींवरच त्याचे यश अवलंबून राहते.

परीक्षेचे बदललेले रूप

महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांचे प्रवेश पूर्वी पदवीच्या गुणांवर होत असत. २०१६ पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे, म्हणजे सीईटी सेलतर्फे, विधी शाखेसाठी स्वतंत्र परीक्षा घेतली जाऊ लागली. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गासाठी पदवीला किमान ४५ टक्के गुणांची अट असून राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. या परीक्षेला वयाची कमाल मर्यादा नाही आणि किती वेळा बसावे यावरही बंधन नाही. गेल्या वर्षीचे गुण मात्र या वर्षी चालत नाहीत. दरवर्षी नव्याने अर्ज आणि नव्याने परीक्षा, असा हा मामला आहे.

जुन्या उमेदवारांनी सर्वप्रथम लक्षात घ्यावी अशी बाब म्हणजे परीक्षेचा आराखडा बदलला आहे. पूर्वी दोन तासांत १५० प्रश्न सोडवावे लागत. अलीकडे ही संख्या १२० वर आणण्यात आली असून वेळ मात्र दोन तासच आहे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट मिळते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत इंग्रजीला ४०, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींना ३२, कायदेविषयक कल व तर्काला २४ आणि तार्किक व विश्लेषणात्मक क्षमतेला २४ गुण आहेत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. इंग्रजीचा विभाग वगळता प्रश्न मराठीतूनही उपलब्ध असतात.

या आकड्यांतच नोकरदारांसाठी एक दिलासा दडलेला आहे. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान मिळून ७२ गुण होतात, म्हणजे एकूण गुणांच्या ६० टक्के. हे दोन्ही विषय शेवटच्या महिन्यात रात्री जागून आत्मसात होणारे नाहीत. रोज थोडे थोडे वाचत गेल्यासच ते अंगवळणी पडतात. ज्याला सलग आठ तास बसता येत नाही, पण रोज तासभर नेमाने काढता येतो, अशा व्यक्तीला ही रचना अनुकूलच म्हणावी लागेल.

अर्ज भरण्याआधीचा प्रश्न

पुन्हा परीक्षेला बसण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी प्रामाणिकपणे द्यायला हवे. प्रवेश मिळालाच, तर नोकरी करीत हा अभ्यासक्रम पुरा करता येणार आहे का? अनेक उमेदवार हा विचार प्रवेश फेरीच्या वेळी करतात. तोवर एक वर्ष खर्ची पडलेले असते.

दिवसभर नोकरी करून संध्याकाळच्या वर्गात वकिलीचे शिक्षण घेतलेल्यांच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. परंतु तो काळ मागे पडला आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार एलएलबीसाठी आठवड्याला किमान ३० तासिका व्हाव्या लागतात आणि त्यांपैकी किमान २४ प्रत्यक्ष व्याख्यानांच्या असाव्या लागतात. निवासी नसलेल्या महाविद्यालयांत वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळेतच भरवता येतात. प्रत्येक विषयात किमान ७० टक्के उपस्थितीची अट या नियमांत आहे. ३० तासिकांचे ७० टक्के म्हणजे २१ तासिका, आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर रोज साडेतीन तासिका. सकाळी साडेनऊला कार्यालयात पोहोचणे ज्याला सक्तीचे आहे, त्याने हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. पत्रद्वारे किंवा दूरशिक्षणाने घेतलेली एलएलबी वकिलीच्या सनदेसाठी ग्राह्य धरली जात नाही, त्यामुळे ती पळवाटही बंद आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून याबाबत अधिक काटेकोर भूमिका घेतली. विद्यार्थ्याने आपण नोकरीत आहोत की नाही हे घोषित करावे, नोकरीत असल्यास मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र सादर करावे आणि महाविद्यालयांनी बायोमेट्रिक पद्धतीने हजेरी घ्यावी, अशा सूचना त्यात होत्या. दुसरीकडे, नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केवळ उपस्थिती कमी आहे म्हणून विधी शाखेच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून वंचित ठेवू नये असा निकाल देऊन बार कौन्सिलला उपस्थितीच्या नियमांचा फेरविचार करण्यास सांगितले. तथापि एका निकालाच्या भरवशावर तीन वर्षांचे नियोजन करणे धोक्याचे ठरेल. महाविद्यालयाचे प्रत्यक्ष वेळापत्रक पाहणे, कार्यालयाकडून ना-हरकत मिळेल का याची चाचपणी करणे आणि पाळी बदलून घेणे, बदली किंवा अर्धवेळ काम यांपैकी काय शक्य आहे हे विचारून घेणे, ही कामे अर्ज भरण्याआधीच उरकायला हवीत.

पदवी कशासाठी हवी, हेही येथेच स्पष्ट व्हावे. बँकेत वा कंपनीत विधी अधिकारी होण्यासाठी, खात्यांतर्गत बढतीसाठी किंवा विषयाच्या आवडीसाठी पदवी घेणाऱ्याला नोकरी सोडण्याची गरज नसते. वकिली करायची असेल तर मात्र पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिलीचा व्यवसाय सामान्यतः एकत्र करता येत नाहीत. पदवीनंतर अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. न्यायाधीश होण्याचे स्वप्न असेल तर मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ध्यानात ठेवावा. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्या निकालाने पुन्हा लागू झाली. म्हणजे पदवीच्या तीन वर्षांपुढे आणखी तीन वर्षे नियमित पगाराविना काढण्याची तयारी हवी. पस्तिशीतल्या, घरकर्जाचे हप्ते भरणाऱ्या उमेदवाराच्या दृष्टीने हा तपशील साधा नाही.

गेल्या वर्षी प्रवेश मिळत होता, पण मनाजोगे महाविद्यालय नव्हते म्हणून तो नाकारला, असेही उमेदवार असतात. मुंबईचे १८५५ मध्ये स्थापन झालेले शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचे १९२४ पासूनचे आयएलएस विधी महाविद्यालय यांचे आकर्षण स्वाभाविक आहे. कमी शुल्क, मोठे ग्रंथालय, माजी विद्यार्थ्यांचे जाळे यांचे मोल नाकारता येत नाही. परंतु नोकरी चालू ठेवणाऱ्याला रोजचा दोन तासांचा अधिक प्रवास आणि हजेरीची धास्ती यांच्या तुलनेत घराजवळचे बरे महाविद्यालय अधिक लाभाचे ठरू शकते. वर्ष पणाला लावण्यापूर्वी ही तुलना व्हायला हवी.

गुण गेले कोठे?

पुन्हा बसण्याचा निर्णय पक्का झाला की पहिले काम पुस्तक उघडण्याचे नसून गेल्या वर्षीची कामगिरी तपासण्याचे आहे. परीक्षेनंतर आक्षेप नोंदवण्याच्या काळात उमेदवाराला आपल्या लॉगिनमधून प्रश्न, स्वतः निवडलेला पर्याय आणि योग्य उत्तर पाहता येते. हे पान ज्यांनी उतरवून ठेवले असेल त्यांच्याकडे दुसऱ्या प्रयत्नाचे सर्वांत मोलाचे साहित्य तयार आहे. ज्यांच्याकडे ते नसेल त्यांनी एखादी संपूर्ण सराव चाचणी घड्याळ लावून सोडवावी आणि तिची उत्तरे तपासावीत.

चुकलेले प्रश्न तीन गटांत वाटावेत. पहिला गट माहितीच नव्हती अशा प्रश्नांचा. दुसरा, माहिती होती पण प्रश्न नीट वाचला नाही अशांचा. तिसरा, वेळ संपत आल्याने घाईत उरकलेल्या किंवा सोडून दिलेल्या प्रश्नांचा. बहुतेक उमेदवारांचा समज असा असतो की पहिला गटच मोठा असणार. प्रत्यक्ष वाटणी केली की दुसरा आणि तिसरा गट किती गुण खातात ते दिसते. ज्याचे गुण घाईत गेले त्याने आणखी एक जाडजूड मार्गदर्शक विकत घेऊन काही साधणार नाही. त्याला सरावाची गरज आहे. ज्याचे सामान्य ज्ञानाचे प्रश्न मुळात माहितीच्या अभावी चुकले, त्याला केवळ चाचण्या देऊन उपयोग नाही.

येथे पर्सेंटाइलची गोष्टही समजून घ्यावी. परीक्षा अनेक सत्रांत झाली की प्रत्येक सत्राची काठिण्यपातळी वेगळी असते. ती समपातळीवर आणण्यासाठी निकाल पर्सेंटाइलमध्ये दिला जातो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रातील सुमारे ९० टक्के उमेदवार आपल्या बरोबरीने किंवा आपल्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ. म्हणून 'गेल्या वेळेपेक्षा दहा गुण अधिक हवेत' असे लक्ष्य ठेवण्याऐवजी कोणत्या विभागातील कोणत्या चुका थांबवायच्या, असे लक्ष्य ठेवणे अधिक शहाणपणाचे.

तासांचे अंदाजपत्रक

नोकरदाराने वेळापत्रक आखताना घरखर्चाच्या अंदाजपत्रकासारखी सावधगिरी बाळगावी. सोमवार ते शुक्रवार रोज दीड तास, शनिवारी तीन तास आणि रविवारी साडेचार तास, असे आठवड्याला १५ तास होतात. २४ आठवड्यांत ते ३६० भरतात. परंतु महिनाअखेरचे काम, घरातील आजारपण, लग्नकार्ये, सणवार यांत एक चतुर्थांश वेळ जाणारच, असे धरून चालावे. उरलेले २७० तास हेच खरे भांडवल. त्यांत बसेल एवढाच अभ्यास ठरवावा. दिवसाला पाच तासांचे वेळापत्रक भिंतीवर लावून आठवडाभरात ते मोडण्यापेक्षा दीड तासाचे सहा महिने पाळणे केव्हाही फलदायी.

यात प्रवासाचा वेळ धरलेला नाही. डोंबिवली किंवा विरारहून मुंबईत येणाऱ्याला लोकलमध्ये रोज दोन तासांहून अधिक काळ काढावा लागतो. गर्दीत वही उघडणे अशक्य असले तरी वृत्तपत्र वाचणे, बातम्या ऐकणे, मोबाइलवर इंग्रजी उतारा वाचणे शक्य असते. सामान्य ज्ञान आणि इंग्रजी वाचन प्रवासावर सोपवावे आणि टेबलाशी बसण्याचा वेळ तर्क, कायदा व सराव चाचण्यांसाठी राखून ठेवावा. पहाटेची वेळ उत्तम असा सार्वत्रिक सल्ला दिला जातो, पण रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला किंवा सुरक्षा अधिकाऱ्याला तो गैरलागू आहे. वेळ कोणती यापेक्षा ती रोज तीच असणे महत्त्वाचे.

राज्य शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते. हे शनिवार पूर्ण चाचणीसाठी राखून ठेवता येतील. वार्षिक रजा एकत्र साठवून शेवटच्या आठवड्यात घेण्याकडे बहुतेकांचा कल असतो. त्याऐवजी निम्म्या रजा मधल्या महिन्यांत अर्ध्या-अर्ध्या दिवसांनी वापरल्यास साचलेला अभ्यास वेळीच भरून काढता येतो.

परीक्षेच्या तारखेचा भरवसा धरू नये, हा धडा मागील वर्षांनी दिला आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा २०२४ मध्ये मार्चमध्ये झाली, तर २०२५ मध्ये ती मे महिन्याच्या प्रारंभी झाली. बँक, लेखा व कर विभागात काम करणाऱ्यांचा मार्च महिना कसा जातो हे सांगायला नको. अशांनी फेब्रुवारीअखेर मुख्य अभ्यास संपेल अशी आखणी करावी. परीक्षा पुढे गेली तर मिळणारा वेळ उजळणीला वापरावा. परीक्षा पुढेच जाईल असे गृहीत धरून अभ्यास मात्र लांबवू नये.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत अडचण वेगळी असते. कार्यालयातून परतल्यावर दुसरी पाळी घरी सुरू होते. घरच्यांनी केवळ 'तू अभ्यास कर' असे म्हणून भागत नाही. स्वयंपाक, मुलांचा गृहपाठ, वडीलधाऱ्यांची औषधे यांतील एखादे काम ठरवून दुसऱ्या कोणी अंगावर घेतले तरच तो दीड तास खऱ्या अर्थाने मोकळा होतो. ही वाटणी सुरुवातीलाच स्पष्टपणे बोलून घ्यावी.

कायद्याच्या पुस्तकांची मुदत

दुसऱ्यांदा बसणाऱ्यांकडे पुस्तके आधीपासून असतात. त्यांतील कायद्याचे पुस्तक तेवढे अवश्य तपासावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने, फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आणि पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. दंड संहितेत ५११ कलमे होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता १०३ झाले आहे. बोलीभाषेतही रूढ झालेल्या फसवणुकीच्या ४२० ची तरतूद कलम ३१८ मध्ये गेली आहे. जुनी कलमे ज्यांच्या तोंडी बसली आहेत त्यांची येथे अधिक गफलत होते. जुने कलम, नवे कलम असा दोन रकान्यांचा तक्ता स्वतःच्या हाताने लिहून काढणे, हा यावरचा साधा उपाय.

कायदेविषयक तर्काच्या प्रश्नांत नोकरदारांचा अनुभवच कधी कधी आड येतो. या प्रश्नांत एक तत्त्व दिलेले असते, त्याखाली एक प्रसंग असतो आणि ते तत्त्व लावून उत्तर द्यायचे असते. समजा, तत्त्व असे आहे की दुकानात मांडलेली वस्तू हा विक्रीचा प्रस्ताव नसून ग्राहकाने प्रस्ताव द्यावा यासाठी दिलेले निमंत्रण असते. प्रसंग असा की ५,००० रुपयांच्या साडीवर चुकून ५०० रुपयांची चिठ्ठी लागली आणि ग्राहकाने ५०० रुपये पुढे करून साडी मागितली. दुकानदाराने नकार दिला. ग्राहकाला त्या किमतीत साडी मिळण्याचा हक्क आहे का? 'चिठ्ठीवर लिहिले तर द्यायलाच हवे' असे व्यवहारबुद्धी म्हणते. दिलेल्या तत्त्वानुसार मात्र प्रस्ताव ग्राहकाचा आहे. दुकानदाराने तो स्वीकारलेला नाही, म्हणून करारच झाला नाही. न्याय काय असावा, आपल्या कार्यालयात काय चालते किंवा दुसरा एखादा कायदा काय सांगतो, हे बाजूला ठेवून केवळ दिलेल्या तत्त्वाला चिकटून राहण्याची सवय सरावाने लागते. विधी विभागात काम करणाऱ्यांनी तर याबाबत विशेष सावध राहावे.

राज्यघटनेचा भाग मात्र जुन्या अभ्यासावर उभा राहू शकतो. मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे, अकरा मूलभूत कर्तव्ये, अनुच्छेद ३२ आणि २२६ खालील आदेशांचे पाच प्रकार, महत्त्वाच्या घटनादुरुस्त्या यांची उजळणी पुरते. २०२३ मध्ये संमत झालेली, लोकसभा व विधानसभांत महिलांना एकतृतीयांश आरक्षण देणारी १०६ वी घटनादुरुस्ती जुन्या पुस्तकांत नसेल, ती जोडून घ्यावी.

चालू घडामोडी आणि इंग्रजी

सामान्य ज्ञानाच्या ३२ गुणांत गेल्या वर्षीच्या टिपणांचा उपयोग निम्माच. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र हा भाग टिकून राहतो, घडामोडींचा भाग शिळा होतो. रोज वृत्तपत्र वाचून आठवड्याला एक पान आणि महिन्याला दोन पानांचा गोषवारा, एवढीच टिपणे पुरेशी आहेत. शेकडो पानांची आयती मासिके नोकरदाराच्या कपाटात न वाचता पडून राहतात.

विधी शाखेच्या परीक्षेत न्यायव्यवस्थेशी संबंधित घटनांना महत्त्व असते. उदाहरणार्थ, मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. मूळचे अमरावतीचे भूषण गवई मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात सरन्यायाधीश होते आणि २४ नोव्हेंबर २०२५ रोजी न्या. सूर्यकांत यांनी त्या पदाची शपथ घेतली. २९ कामगार कायदे एकत्र करून तयार झालेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. या घटना नोकरदारांना बातम्यांतून परिचित असतात. त्यांच्या तारखा, संस्थेचे नेमके नाव आणि पूर्वीची स्थिती एवढे टिपून घेतले की माहितीचे गुणांत रूपांतर होते.

इंग्रजीचे ४० गुण हा मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या मनातील धास्तीचा विषय. कार्यालयात रोज इंग्रजी पत्रे आणि ई-मेल लिहिणारेही येथे गाफील राहतात. कार्यालयीन इंग्रजी ठरावीक वाक्यांचे असते, तर परीक्षेत समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार, वाक्यातील चूक ओळखणे आणि उताऱ्यावरील प्रश्न यांना सामोरे जावे लागते. रोज एका इंग्रजी अग्रलेखाचे लक्षपूर्वक वाचन, त्यातील पाच नवे शब्द वाक्यासह वहीत आणि आठवड्याला दोन उतारे घड्याळ लावून, हा क्रम सहा महिने चालला तर फरक पडतो. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा शब्द वाक्यात भेटणे अधिक टिकते.

तार्किक क्षमतेच्या २४ गुणांत नातेसंबंध, बैठकव्यवस्था, मालिका, विधान-निष्कर्ष असे ठरावीक साचे असतात. पहिल्या प्रयत्नात ज्या साच्यात हमखास अडखळायला झाले त्याच साच्याचे प्रश्न आधी घ्यावेत. जे येते तेच पुन्हा पुन्हा सोडवण्यात समाधान मिळते, पण गुण वाढत नाहीत.

सराव चाचणी आणि अखेरचा महिना

शिकवणी वर्ग लावावा का, असा प्रश्न दुसऱ्यांदा बसणाऱ्यांना पडतो. नवख्यांसाठी चालवलेल्या वर्गात त्यांना निम्मा वेळ माहीत असलेलेच ऐकावे लागते. ज्यांना विषयाची ओळख आहे त्यांना केवळ चाचणीमाला पुरेशी ठरू शकते. मात्र ती १२० प्रश्नांच्या नव्या आराखड्यावर बेतलेली आहे याची खात्री करावी.

पहिल्या तीन महिन्यांत पंधरवड्याला एक आणि पुढे आठवड्याला एक पूर्ण चाचणी द्यावी. चाचणी संगणकावरच द्यावी, कारण प्रत्यक्ष परीक्षा संगणकावर होते आणि पडद्यावर उतारा वाचण्याची सवय वेगळी असते. चाचणीला लागतो तेवढाच वेळ तिच्या तपासणीला द्यावा. तपासणीविना दिलेल्या दहा चाचण्यांपेक्षा तपासलेल्या चार चाचण्या अधिक शिकवतात. चुकांची तीन गटांची वही पुढे चालू ठेवली की कोणता गट आटतो आहे ते दिसत राहते.

एका प्रश्नावर दीड मिनिटाहून अधिक वेळ गेला की तो खूण करून पुढे जावे. अखेरची पाच मिनिटे राखून ठेवून एकही प्रश्न कोरा सोडू नये. गुण वजा होत नसल्याने चार पर्यायांपैकी अंदाजाने निवडलेल्या आठ उत्तरांतून सरासरी दोन गुण पदरात पडतात. एकेका गुणाला अनेक उमेदवार दाटीवाटीने उभे असतात तेथे दोन गुण क्षुल्लक नाहीत.

शेवटच्या महिन्यात नवे पुस्तक हाती घेऊ नये. मासिक गोषवारे, कलमांचा तक्ता आणि चुकांची वही यांच्या फेऱ्या कराव्यात. याच काळात प्रवेशाची कागदपत्रेही हाताशी करावीत. पदवीच्या गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, राखीव प्रवर्गातील उमेदवारांसाठी जात व जात वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र यांसाठी कार्यालयीन दिवशीच खेटे घालावे लागतात. निकालानंतर धावपळ करणाऱ्या नोकरदाराच्या रजा संपलेल्या असतात, आणि चांगले गुण असूनही कागदाअभावी जागा हुकते. प्रवेश फेरीत महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना केवळ नावलौकिक न पाहता वर्गांची वेळ, घर आणि कार्यालय यांपासूनचे अंतर आणि ना-हरकत प्रमाणपत्राची शक्यता ध्यानात घ्यावी.

या परीक्षेला प्रयत्नांची मर्यादा नाही, पण उमेदवाराच्या वेळेला असते. म्हणून दुसऱ्या प्रयत्नाच्या मध्यावर, साधारण तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस, एकदा थांबून चाचण्यांचे आकडे पाहावेत. चुका कमी होत असतील तर त्याच वाटेने पुढे जावे. आकडे जागचे हलत नसतील तर तास वाढवण्याआधी पद्धत बदलावी. आणि ठरलेले तास निम्मेही पाळले जात नसतील, तर यंदा नोकरीच्या व घरच्या जबाबदाऱ्यांत हा अभ्यास बसत नाही हे मान्य करून तो पुढच्या वर्षावर टाकण्यात कमीपणा नाही.